थुंब्याच्या किनाऱ्यावर

तिरुवनंतपुरमच्या उत्तरेला समुद्राला खेटून असलेल्या थुंब्याच्या अग्निबाण प्रक्षेपण केंद्राला जाण्याचा योग अखेर या वर्षी आला. तिथल्या सेंट मेरी मॅग्डलिन चर्चमध्ये आता अवकाश संग्रहालय आहे, आणि सायकलवरून अग्निबाणाचा भाग नेतानाचे छायाचित्र तर सर्वांच्याच परिचयाचे आहे. मला ओढ होती ती वेगळ्या गोष्टीची. अनेक देशांनी मिळून उष्ण कटिबंधावरचे आकाश जिथून वर्षानुवर्षे मोजले, ती जागा मला पाहायची होती.

थुंबा निवडले गेले ते पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे तिचे चुंबकीय क्षेत्र जिथे जमिनीला समांतर असते ती रेषा, इथून अगदी जवळून जाते म्हणून. या रेषेवर दिवसा सुमारे १०० ते ११० किलोमीटर उंचीवर विजेचा एक जोरदार प्रवाह वाहतो. फुगा साधारण ३०-३५ किलोमीटरांपर्यंत पोहोचतो, उपग्रह त्याच्या कितीतरी वर फिरतो. मधल्या पट्ट्यातली हवा प्रत्यक्ष मोजायची, तर काही मिनिटांपुरता का होईना, अग्निबाणच तिथे पाठवावा लागतो.

२१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी इथून पहिला अग्निबाण उडाला. नायकी-अपाची नावाचा हा अग्निबाण अमेरिकेचा होता आणि त्यातले सोडियमच्या वाफेचे उपकरण फ्रान्सचे. केंद्राला पुढे संगणक आणि हेलिकॉप्टर मिळाले ते सोव्हिएत संघाकडून. क्यूबावरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ हे दोन बलाढ्य देश युद्धाच्या उंबरठ्यावर येऊन जेमतेम वर्ष झाले होते, हे लक्षात घेतले की या सहकार्याचे मोल कळते. जमिनीवर अंधार पडलेला असताना उंचावर अजून ऊन असते, त्यामुळे सोडलेली वाफ नारिंगी रेघेसारखी उजळते; वारा तिला जसजसा वाकवतो, तसतशी वेगवेगळ्या ठिकाणांहून छायाचित्रे घेऊन प्रत्येक उंचीवरच्या वाऱ्याचा वेग आणि दिशा काढता येते.

२ फेब्रुवारी १९६८ रोजी इंदिरा गांधींनी हे केंद्र संयुक्त राष्ट्रांना अर्पण केले. माझ्या मते मात्र थुंब्याचे खरे मोठेपण त्यानंतरच्या, फारशा न गाजलेल्या कामात आहे. १९७० पासून १९९३ पर्यंत सोव्हिएत बनावटीचे एम-१०० अग्निबाण इथून जवळजवळ दर आठवड्याला वर जात आणि तापमान व वारा यांच्या नोंदी आणत. विषुववृत्तावरच्या स्थितांबरातला, म्हणजे ढगांच्या थराच्या वरच्या हवेतला, वारा साधारण २८ महिन्यांच्या चक्रात पूर्वेकडून पश्चिमेकडे आणि पुन्हा उलट फिरतो. असे चक्र एखाद्या उड्डाणातून हाती लागत नाही, त्यासाठी एकाच जागेवरची अखंड मालिका लागते.

संग्रहालयात आरएच-२०० या छोट्या भारतीय अग्निबाणाजवळ बराच वेळ थांबलो. त्याचा व्यास २०० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम वीतभर. तो सुमारे ७० किलोमीटर उंचीवर तांब्याचे केसासारखे बारीक तुकडे सोडतो, ते वाऱ्याबरोबर वाहत खाली येतात आणि रडार त्यांचा माग काढते.

निघताना तिथल्या कर्मचाऱ्याने समुद्राकडे बोट दाखवून सांगितले, की उड्डाणाच्या दिवशी मच्छिमारांच्या होड्या आधीच दूर ठेवाव्या लागतात. त्या दिवशी उड्डाण नव्हते. होड्या अगदी किनाऱ्याजवळ होत्या.