आमची वाटचाल: मापात पाप नको

आमचा धंदा वजनकाट्यांचा. नवीन काटे विकतो, पण पोट भरते ते दुरुस्तीवर आणि तपासणीवर. सोनाराच्या पेटीतल्या नाजूक काट्यापासून ट्रक चढतो त्या भुईकाट्यापर्यंत सगळे हाताखालून जाते. वाटचाल लिहायची म्हणजे शाखा किती, उलाढाल किती हे लिहायची पद्धत आहे. आमच्याकडे शाखा एकच आणि उलाढाल कर्जाच्या हप्त्याशी झटापट करणारी. त्यामुळे दुसरेच लिहितो. आम्ही ख्रिस्ती कुटुंब. श्रद्धा धंद्यात कशी उपयोगी पडली हे साक्ष देताना, म्हणजे चर्चमध्ये उभे राहून आपला अनुभव सांगताना, सांगायची रीत आहे. खरे बोलायचे तर आमच्याकडे ती उपयोगी पडली त्याहून जास्त वेळा आडवी आली. त्या आडव्या येण्याचाच हा हिशेब.

सुरुवात बाबांची. त्यांच्या काळी काम दांडीच्या तराजूंचे. दांडी ज्या पोलादी धारेवर टेकते ती धार झिजली की तराजू सुस्त होतो, चार दाणे टाकले तरी काटा हलत नाही. बाबा ती धार घासून नवी करायचे, पारडी रिकामी ठेवून दांडी समतल आणायचे आणि मग गिऱ्हाइकाची लोखंडी वजने मागायचे. गिऱ्हाईक म्हणायचे, तराजू दुरुस्तीला दिलाय, वजने कशाला? बाबा वजन उलटे करून दाखवायचे. तळाशी भोक असते. त्यात शिसे भरून वजन बरोबर करतात आणि त्या शिशावरच सरकारी शिक्का मारतात. शिसे खरवडलेले असले की बाबांना बोटाच्या टोकाला कळायचे. ते बोलायचे काही नाहीत, वजन फक्त बाजूला काढून ठेवायचे. बहुतेक वेळा तेवढे पुरायचे.

या धंद्यात पडल्यावर त्यांनी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, नव्या नजरेने वाचायला घेतले. त्यातल्या लेवीय या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात खरे तराजू आणि खरी वजने ठेवा अशी आज्ञा आहे. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात पिशवीत एक मोठे आणि एक लहान अशी दोन वजने बाळगू नका, असे बजावले आहे. नीतिसूत्रे ११ ची सुरुवातच खोट्या तराजूच्या तिटकाऱ्याने होते. बाबा हसून म्हणायचे, “सुतारकामावर, शिवणकामावर देवाने इतकी बारीक नजर ठेवलेली नाही, आपल्यावरच ठेवली आहे.” पण आमोस संदेष्ट्याचा आठवा अध्याय वाचताना ते हसत नसत. तिथले व्यापारी विचारतात, शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, कधी संपेल, म्हणजे आम्ही धान्य विकायला काढू, माप लहान करू आणि नाणे तोलायचे वजन मोठे करू. म्हणजे सण पाळणारे, उपासनेला बसणारे लोकच माप मारायचे बेत करत होते. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पहिल्या बाकावर बसणाऱ्या आम्हा धंदेवाल्यांना हा अध्याय चांगलाच झोंबतो.

माझ्या हाती धंदा आला तेव्हा दांडी जाऊन लोडसेल आला होता. आत ॲल्युमिनियमचा ठोकळा, त्यावर चिकटवलेले ताणमापक. वजन ठेवले की ठोकळा केसाहून कमी वाकतो आणि पडद्यावर आकडा येतो. काम स्वच्छ झाले, पण लबाडीही अदृश्य झाली. शिसे खरवडले तर बोटाला कळायचे, आकड्याला बोट कुठे लावणार? शिवाय जागा बदलली की हा काटा बदलतो. विषुववृत्तापासून ध्रुवाकडे जाताना गुरुत्वाकर्षण साधारण अर्ध्या टक्क्याने वाढते, म्हणून एका ठिकाणी लावलेला, म्हणजे आकडा बरोबर जुळवून घेतलेला, काटा लांब नेला की वेगळा आकडा दाखवतो. जुन्या दांडीच्या तराजूला ही अडचण नव्हती, कारण गुरुत्वाकर्षण दोन्ही पारड्यांना सारखेच. त्यामुळे आम्ही काटा कारखान्यातून लावून आला आहे यावर विसंबत नाही. तो जिथे बसणार तिथे जाऊन, प्रमाणित वजने ठेवून लावतो. रविवारी प्रवचनात ऐकलेल्या गोष्टीचेही तसेच आहे, सोमवारी दुकानात ती पुन्हा लावून घ्यावी लागते.

एक मोठे गिऱ्हाईक होते. धान्याची खरेदी, बरीच केंद्रे, दर हंगामाला आमच्याकडून काटे तपासून जायचे. एकदा ते गृहस्थ स्वतः आले, चहा झाला, घरच्यांची चौकशी झाली. मग म्हणाले, “खरेदीच्या बाजूचे काटे थोडे कमी दाखवू देत. जास्त नाही हो, शंभर किलोमागे किलोभर.” एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. शंभर पोती घेऊन आलेल्याचे एक पोते जाते, आणि गेले हे त्याला जन्मात कळत नाही. मी म्हणालो, हे आमच्याकडून होणार नाही. ते शांतपणे म्हणाले, “तुम्ही नाही केले तर दुसरा कोणी करील.” माझी बायको शेजारच्या टेबलावर बिले लिहीत होती. तिने पेनाला टोपण लावले आणि म्हणाली, “मग दुसऱ्याकडूनच करून घ्या.” ते रागावले नाहीत, नमस्कार करून गेले. पुन्हा आले नाहीत. जुनी बाकीही आली नाही.

त्यांच्यापाठोपाठ त्यांच्या ओळखीचे दोघे-तिघे गेले. मंडळीत एकाने खांद्यावर हात ठेवून सांगितले, काळजी करू नका, देव दुप्पट भरून देईल. बोलणाऱ्याच्या मनात माया होती, पण दुप्पट काही आले नाही. त्या वर्षी आम्ही गाडी विकली आणि भुईकाट्याच्या तपासणीसाठी मोठ्या वजनांचा संच घ्यायचा बेत बासनात गुंडाळला. लूक ६:३८ चा आधार अशा वेळी हमखास दिला जातो: दाबून, हालवून, शीग भरलेले माप तुमच्या पदरात पडेल. मापाची भाषा आहे, म्हणून बाबांचेही ते आवडते वचन. पण त्याच्या आधीचे वचन वाचा. तिथे दोष लावू नका, क्षमा करा, असे म्हटले आहे. आपण माणसांना ज्या मापाने मापतो त्याचा तो विषय आहे. तिथे नफ्याची हमी शोधणे मला तरी पटत नाही. खरेपणाने धंदा वाढतो असे कुणी म्हटले की मी गप्प बसतो. कधी वाढतो, कधी बसतो. आमचा काही वर्षे बसला होता.

पगाराबाबत मात्र आमच्या घरात चर्चा नाही. आधी कामगारांचे पगार, मग घरखर्च. बायकोने त्यासाठी बँकेत वेगळे खातेच काढले आहे आणि त्याला हात लावायची मलाही मुभा नाही. अनुवाद २४ मध्ये मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यायला सांगितली आहे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीत अडकलेला आहे. याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पुढे जातो: अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते आहे, असे म्हणतो. गिऱ्हाइकाने आपले पैसे थकवले हे आपल्यापुरते खरे कारण असते, पण कामगाराच्या चुलीपुढे ते चालत नाही. छोट्या धंद्यात दोन वजनांची पिशवी इथेच लपलेली असते. येणे असेल तर तारखेच्या सकाळी फोन, देणे असेल तर “बघू पुढच्या आठवड्यात.” करिंथमध्ये अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे नवराबायको तंबू शिवायचे आणि पौल त्यांच्याबरोबर कामाला बसायचा, असे प्रेषितांची कृत्ये १८ मध्ये आहे. त्या घरात हिशेबाच्या वह्या कोणाकडे होत्या ते लिहिलेले नाही. मला अंदाज आहे.

आमचा एक जुना फिटर आजारी पडला. महिनोन्‌महिने अर्धा दिवसच यायचा, तोही बसून करायच्या कामापुरता. पगार आम्ही पूर्ण चालू ठेवला. बाकीचे कुरकुरले. मत्तयाच्या २० व्या अध्यायात द्राक्षमळ्याचा धनी संध्याकाळी आलेल्यालाही पूर्ण दिनार, म्हणजे दिवसभराची मजुरी, देतो आणि सकाळपासून उन्हात राबलेले कुरकुर करतात, तशीच ही कुरकुर. उपासनेत मी तो दृष्टांत धन्याच्या बाजूने ऐकत आलो होतो. इथे समोर उभ्या असलेल्या पोराचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. “दादा, त्यांना पगार द्या, आमचे काही म्हणणे नाही. पण त्यांचे काम आम्ही करतोय, त्याचे काय?” द्राक्षमळ्याच्या धन्यापुढे ओव्हरटाइमचा प्रश्न नव्हता, माझ्यापुढे होता. दृष्टांत सांगून त्याला गप्प करणे सोपे होते. आम्ही जास्तीच्या कामाचे जास्तीचे पैसे दिले आणि ते माझ्या खिशातून गेले. उदारपणा आपण दाखवायचा आणि त्याचा भार दुसऱ्याच्या पाठीवर टाकायचा, हे त्या धन्याने केले नव्हते.

रविवारी शटर बंद असते. हंगामात यावरून बोलणी खावी लागतात. अपवाद एकच, दवाखाना. एका रविवारी उपासनेतूनच निघालो होतो, कारण बाळांच्या वॉर्डमधला काटा दर वेळी वेगळा आकडा दाखवत होता. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरतेच, पण किती उतरले यावर डॉक्टरांची बारीक नजर असते. तिथे काट्याने खोटे बोलून चालत नाही. मी प्रमाणित वजन चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहिले, एका कोपऱ्यात आकडा घसरत होता. ताटाखालचा रबरी पाय निघून ताट एका बाजूला टेकले होते. दहा मिनिटांचे काम. नर्सबाई दुपट्यात गुंडाळलेले बाळ घेऊन शेजारीच उभ्या होत्या, वजन उचलताच त्यांनी बाळ काट्यावर ठेवले. शब्बाथाला विहिरीत पडलेला बैल तुमच्यातला कोण लगेच बाहेर काढणार नाही, असे येशू लूक १४ मध्ये विचारतो. पण व्यापाऱ्याचा काटा म्हणजे विहिरीतला बैल, असे मात्र मी म्हणत नाही. तो सोमवारी.

बाबांना पक्षाघात झाला तेव्हा धंदाही खाली होता. ज्या माणसाने मला प्रार्थना शिकवली त्याची वाचा गेली. संध्याकाळी मी प्रभूची प्रार्थना म्हणायचो आणि रोजच्या भाकरीच्या ओळीवर ते डावा हात किंचित उचलायचे. बरे होण्यासाठी मंडळीने उपास केले, पाळकसाहेब येऊन जायचे. बाबा बरे झाले नाहीत. त्या दिवसांत स्तुतीची गाणी माझ्या तोंडून निघत नसत. स्तोत्र १३ तेवढे चालायचे, कारण त्याच्या पहिल्या दोन वचनांत “किती वेळ” हा प्रश्न चार वेळा येतो आणि तो विचारल्याबद्दल कोणी दटावत नाही. हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या शेवटाशी तर तोट्याची यादीच आहे: अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरे नाहीत. तरीही मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असे तो म्हणतो. पुढच्या वर्षी पीक येईल म्हणून, असे तो म्हणत नाही. मला आशा म्हणून जे काही धरता आले ते एवढेच होते आणि ते पुरले.

आमच्याकडे कामाला वेगवेगळ्या धर्मांची मुले आहेत. सकाळची प्रार्थना आम्ही घरच्यांनी आतल्या खोलीत करतो, कामाची वेळ सुरू होण्याआधी. कोणाला बोलावत नाही. पगार देणाऱ्याने प्रार्थनेला बोलावले तर नाही म्हणणे अवघड जाते, आणि असे मिळालेले “आमेन” मला नको. एकदा एक म्हातारे दुकानदार दुसऱ्या कोणाकडून “लावून” घेतलेला काटा घेऊन आले. सरळ करून द्या म्हणाले. का, ते मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. पैसे देताना एवढेच म्हणाले, “झोप लागत नव्हती.” हे मी साक्षीत सांगावे असे बायकोला वाटते. मला वाटते ती त्यांची गोष्ट आहे.

आता मुलगी इलेक्ट्रॉनिक्स शिकून धंद्यात आली आहे. मोठ्या वजनांचा संच अखेर कर्जावर घेतला. भुईकाट्यांची कामे हळूहळू परत येत आहेत, काही तर त्या जुन्या गिऱ्हाइकाला माल घालणाऱ्यांची. मुलीने एक साधा कागद तयार केला आहे: आपल्यासमोरचा काटा आपणच कसा ताडून पाहावा. रिकामे असताना आकडा शून्य आहे का ते बघा. रिकामी बाटली ठेवून पुन्हा शून्य करा, मग तिच्यात मोजून एक लिटर पाणी भरा, आकडा एक किलोच्या आसपास यायला हवा. तीच बाटली ताटाच्या चारही कोपऱ्यांवर ठेवून बघा. तपासलेल्या प्रत्येक काट्याबरोबर हा कागद आम्ही देतो आणि भिंतीवर लावायला सांगतो. काही गिऱ्हाइकांना तो खुपला, दुकानात कशाला, म्हणाले. मुलीने त्याची मोठ्या अक्षरांतली प्रत छापून आणली आहे.