बोजा उतरवताना

२०२५ च्या गणपतीला गावी जाताना कशेडीचा बोगदा मागे टाकला, भरणे नाक्याकडे उतरायला लागलो आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं. वेग साठच्या खाली आणला की गप्प, वर नेला की पुन्हा सुरू. मागे बायको, लेक आणि दोघींच्या मध्ये मखराचे पुठ्ठे. पुढे डावीकडे आई, मांडीवर करंज्यांचा डबा. कोणी काही बोललं नाही. २००६ ची वॅगन आर, मीटरवर २ लाख ११ हजार. या वयात थोडा कंप चालायचाच, असं स्वतःला सांगत देवरुखपर्यंत साठच्या आतच रेटली.

गौरी-विसर्जन उरकून ३ सप्टेंबरला ठाण्यात परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी राबोडीत आमच्या भाईंच्या गॅरेजात. पंधरा वर्षं तेच बघतात. त्यांनी गाडी रॅम्पवर चढवली, खाली शिरले आणि मलाही वाकून बघायला लावलं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पत्र्याला लावलं, तर ते बिस्किटात जावं तसं आत गेलं. एकोणीस पावसाळे, त्यातले निम्मे कोकणात. पत्र्याची काही चूक नव्हती.

"साहेब, वरून चकाचक करून देतो, कोणीतरी घेईलही," भाई हात पुसत म्हणाले. "पण घेणारा हिच्यात बायकापोरं बसवणार."

गाडी विकण्याचा विषय माझ्यापुरता तिथेच संपला. उरला तो तिला नीट निरोप देण्याचा. दोन-चार दिवसांचं काम असेल असं वाटलं होतं.

गाडी आम्ही २००६ च्या दसऱ्याला घरी आणली, २ ऑक्टोबरला. कर्ज माझं, उत्साह बाबांचा. त्यांना चालवता येत नव्हती, पण डावीकडे बसून ब्रेक मात्र तेच मारायचे. माळशेज असो की वरंध, वळण आलं की त्यांचा उजवा पाय खाली दाबला जायचा. बारा वर्षं दाबून दाबून त्या बाजूच्या रबरी मॅटला टाचेएवढं भोक पडलं. बाबा गेल्यावर मॅट बदलायचं कितीदा ठरलं, आई दर वेळी "राहू दे, पाणी गळतंय का त्यातून?" म्हणायची.

२०१६ मध्ये महाडजवळचा सावित्रीवरचा पूल २ ऑगस्टच्या रात्री वाहून गेला. त्याआधी आठवडाभर आम्ही याच गाडीतून त्या पुलावरून परतलो होतो. बातमी बघताना बाबा एवढंच म्हणाले, "तरी मी ब्रेक दाबला होता." २०२० मध्ये ई-पास काढून, नाक्यानाक्यावर थांबत हिच्यातूनच गाव गाठलं. लेक जन्मली त्याच वर्षी गाडी आली, आणि अठराची झाल्यावर ती शिकली हिच्यावरच. गिअर टाकताना ती असा आवाज काढायची की उपवनला फिरायला आलेले लोक वळून बघायचे.

असो. कागदांकडे येतो, कारण खरा अनुभव तिथेच आला.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. माझी २०२१ मध्ये संपली, तेव्हा एका एजंटाला पैसे दिले आणि पाच वर्षांचं नूतनीकरण करून घेतलं. पुढचं सप्टेंबर २०२६ मध्ये होतं. आणि नेमकं २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं वीस वर्षांवरच्या मोटारींच्या नूतनीकरणाचं शुल्क ५ हजारांवरून १० हजार केलं. शिवाय पर्यावरण कर, शिवाय तपासणी. पास होण्यासाठी खालचा पत्रा बदलायचा तर पन्नास हजार. जूनमध्येच उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली होती, ७४५ आणि वर जीएसटी. म्हातारीला नवं लुगडं नेसवलं आणि तीन महिन्यांत स्मशानात न्यायची वेळ आली, असं आई म्हणाली. तिला असं बोलायला काही वाटत नाही.

शोरूमवाल्याकडे एक्स्चेंजची चौकशी केली. त्यांचा माणूस येऊन गाडीभोवती एक फेरी मारून गेला आणि ३८ हजार म्हणाला. खाली वाकून बघितलंच नाही. वर मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० कोरेच सह्या करून मागितले. "नाव कधी बदलणार?" विचारलं तर "गिऱ्हाईक मिळालं की होईल सर." म्हणजे गिऱ्हाईक मिळेपर्यंत गाडी त्यांची आणि नाव माझं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका अपघाताच्या खटल्यात स्पष्ट सांगितलंय, की गाडी कितीही हात फिरलेली असो, आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. कोऱ्या फॉर्मवर सही करणारे माझ्या ओळखीचे निदान दहा जण आहेत. त्यांना रात्री झोप कशी लागते ते त्यांनाच ठाऊक.

म्हणून नोंदणीकृत स्क्रॅप केंद्राचा रस्ता धरला. तिथे गाडी दिली की 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' मिळतं, मग मोडल्याचा दाखला, आणि नोंदणी कायमची रद्द होते. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे गाडी जाते, नोंद मात्र तशीच राहते. केंद्रावर फोन केला. पलीकडच्या मुलीनं नंबर घेतला, दोन मिनिटं कळफलकाचा आवाज आला आणि ती म्हणाली, "काका, गाडीवर बोजा आहे."

बोजा! कर्ज २०११ मध्ये फिटलं होतं. शेवटचा हप्ता भरून बँकेतून येताना मी पेढे आणले होते. बँकेनं पत्रही दिलं होतं, ते आरटीओत देऊन आरसीवरचं बँकेचं नाव काढून घ्यायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नाही. किंवा सांगितलं असेल, मी पेढ्यांच्या नादात ऐकलं नसेल. २०२१ चं नूतनीकरण एजंटानं केलं, तेव्हा मी आरसी उलटी करूनही बघितली नाही. चौदा वर्षं गाडी बँकेकडे गहाण आणि मी फुशारकीनं म्हणतोय, आपली गाडी कर्जमुक्त.

गोदरेजच्या कपाटात ते पत्र सापडलं. पिवळं पडलेलं, आणि ठळक अक्षरात 'तीन महिन्यांपर्यंत वैध'. शिवाय ती बँकच उरली नव्हती. ती दुसऱ्या बँकेत विलीन झालेली. नव्या बँकेच्या नौपाड्यातल्या शाखेत गेलो. काउंटरवरचा मुलगा माझ्या कर्जाच्या वेळी दुसरीत असेल. "हा खाते क्रमांक सिस्टिममध्ये येत नाही सर." नाही येणार, तो तुमच्या सिस्टिमच्या आधीचा आहे, म्हटलं. त्यानं मुख्य कार्यालयाला मेल टाकला. दुसऱ्या हेलपाट्यात तो मेल 'प्रोसेसमध्ये' होता. तिसऱ्या वेळी मी जुनं पासबुक, हप्त्यांच्या पावत्या आणि ते पिवळं पत्र अशी सगळी वरात घेऊन थेट मॅनेजरबाईंसमोर बसलो. त्यांनी पासबुकाची पानं उलटली. दर महिन्याच्या ५ तारखेला हप्ता, एकही चुकलेला नाही. "हल्ली असं बघायला मिळत नाही," म्हणाल्या. चार दिवसांनी नवं ना-हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात. कर्ज फेडायला पाच वर्षं लागली होती, फेडल्याचं सिद्ध करायला तीन हेलपाटे.

घोडं तरीही न्हालं नाही. बोजा उतरवायचा अर्ज ऑनलाइन, त्याला ओटीपी लागतो. ओटीपी येईचना. दहा मिनिटांनी लेकीनं स्क्रीनवरचे शेवटचे चार आकडे वाचले, "बाबा, हा नंबर कोणाचा?" २०२१ च्या एजंटाचा! त्यानं नोंदीत स्वतःचाच मोबाईल टाकला होता. म्हणजे चार वर्षं माझ्या गाडीचे सगळे निरोप, चलनाचेसुद्धा, त्याला जात होते. चासी नंबर, इंजिन नंबर, आधार असं सगळं भरून नंबर बदलला, तेव्हा कळलं की तीन हात नाक्यावर झेब्रा पट्ट्यावर चाक गेल्याचं ५०० रुपयांचं चलन दोन वर्षांपासून पडून आहे. फोटो बघितला. गाडी माझीच, चाक माझंच, पट्ट्यावरच. भरून टाकलं. तुम्ही काही करा न करा, पण आज घरी गेल्यावर एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर आपल्या गाडीची नोंद उघडून मोबाईल नंबर आणि बँकेचं नाव तेवढं बघा.

१८ सप्टेंबरला नोंदीतून बँकेचं नाव गेलं. केंद्रानं तारीख दिली २० ची, सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवसाची. मी आईकडे बघितलं. पितृपक्षात आमच्याकडे चमचाही विकत आणत नाहीत.

"घ्यायला नाही चालत," ती म्हणाली, "द्यायला काय? द्यायचाच पंधरवडा आहे."

केंद्र ठाण्यापासून तासाभरावर. चालू गाडी टो करून न्यायचं जिवावर आलं, म्हणून मीच चालवत नेली. आदल्या रात्री डॅशबोर्डवरचा गणपती काढला, तर खाली फेविक्विकचा पांढरा गोल उमटलेला. डिकीच्या गालिच्याखाली तांदळाचे दाणे, वाळलेलं आपट्याचं पान, जळगावच्या लग्नातली एक अक्षता-पुडी आणि बाबांचा बस-पास निघाला. बाबांचं मॅट मी काढून घेतलं. का, ते विचारू नका.

केंद्र बघून जरा निराश झालो. मला वाटलं होतं लोखंडाचे डोंगर आणि ठिणग्या असतील. तिथे काँक्रीटची स्वच्छ जमीन, चहाचं यंत्र आणि वजनकाटा. आधी वजन, मग कागद: मूळ आरसी, आधार, पॅन, रद्द केलेला धनादेश. गाडी चोरीची नाही ना, हे ते पोलिसांच्या नोंदीत पडताळतात. सुपरवायझरनं सगळं समजावून सांगितलं. आधी पेट्रोल, ऑइल, कूलंट काढतात, एसीचा गॅस वेगळ्या टाकीत ओढून घेतात, बॅटरी आणि टायर वेगळे, मग कापाकापी. चासी नंबराचा तुकडा कापून जपून ठेवतात, म्हणजे तो नंबर दुसऱ्या कुठल्या गाडीवर उगवायला नको.

भाव वजनावर. माझ्या हातात बावीस हजार आणि काही शे, बँकेत जमा. एक्स्चेंजवाल्यापेक्षा जवळजवळ सोळा हजार कमी. ते सोळा हजार मी त्या न बघितलेल्या बायकापोरांच्या नावावर लिहिले.

"काका, शेवटचं इंजिन तुम्ही बंद करता?" सुपरवायझरनं विचारलं. तो सगळ्यांनाच विचारत असावा. मी बंद केलं. त्या गाडीचं इंजिन बंद झाल्यावर पंखा थोडा वेळ फिरत राहायचा, तो थांबेपर्यंत बसलो. मग किल्ली दिली आणि बाहेर येऊन रिक्षा शोधली, कारण परत कसं जायचं याचा विचारच केला नव्हता.

नव्या गाडीचं फारसं सांगण्यासारखं नाही. आम्ही गावाहून परतलो त्याच रात्री जीएसटी कमी झाल्याची घोषणा झाली होती. २२ सप्टेंबरपासून छोट्या पेट्रोल गाड्यांवर २८ टक्के अधिक १ टक्का उपकर जाऊन १८ टक्के. तोच घटस्थापनेचा दिवस, त्यामुळे शोरूममध्ये दादर स्टेशनसारखी गर्दी. पुन्हा वॅगन आरच घेतली, कारण आईला वाकून बसावं लागत नाही. सीएनजी नको म्हटलं. टाकी डिकीत बसली तर मखर कुठे ठेवायचं? घोडबंदर रोडची गर्दी आणि माझा गुडघा यांचा विचार करून ऑटोमॅटिक.

ऑन-रोडच्या कागदावर मोटार वाहन कर ११ टक्के, तो द्यायचाच. 'हँडलिंग' नावाची एक ओळ होती. हे कशाचं, विचारल्यावर सेल्समन हसला आणि ओळ गेली. विम्यात मात्र भांडण्यासारखं होतं. माझा ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याची सूट, जुन्या पॉलिसीवर होता, आणि तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुन्या कंपनीला सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिटची प्रत पाठवून बोनसचं पत्र मागवलं, तेव्हा गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता निम्म्यावर आला. हे शोरूमनं आपणहून सांगितलं नव्हतं. स्क्रॅपच्या दाखल्यावर नव्या गाडीची नोंदणी फी माफ झाली: ६०० रुपये. एवढी धावपळ करून सहाशे रुपये, बायकोनं दोनदा मोजून दाखवले.

डिलिव्हरी दसऱ्याला. २०२५ मध्ये दसरा आला २ ऑक्टोबरला, २००६ मध्ये आला होता त्याच तारखेला. तिथी आणि इंग्रजी तारीख साधारण एकोणीस वर्षांनी पुन्हा जुळतात, हे गुरुजींनी सांगितलं. नारळ फोडता फोडता, घाईत. त्यांना अजून सात गाड्या होत्या.

शोरूममधून निघालो. पहिल्याच सिग्नलला माझा डावा पाय खाली गेला, जोरात. तिथे काही नव्हतं. पुढच्या सिग्नलला पुन्हा. घर येईपर्यंत कापूरबावडीच्या वाहतूक कोंडीत किती वेळा दाबला कोण जाणे. मागून लेकीचं हसणं ऐकू येत होतं. आई शेजारी बसून माझ्या पायाकडे बघत होती.

"तुझ्या बाजूचं मॅट जरा जाड घे," ती म्हणाली.