लाल-निळी पेन्सिल

१९८३चा जून. शाळा नुकतीच उघडली होती, आम्ही नववीत. २५ तारखेच्या शनिवारी भारताने लॉर्ड्सवर विश्वचषक जिंकला आणि सोमवारी मराठीचे सर वर्गात वर्तमानपत्रच घेऊन आले. सोबत त्यांची नेहमीची पेन्सिल, एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. आज व्याकरण टळलं म्हणून आम्ही खूश!

सर एकेक वाक्य सांगायचे. तपासून पाहता येईल त्याखाली निळी रेघ, सांगणाऱ्याचं मत असेल तिथे लाल. 'भारताचा डाव केवळ १८३ धावांत आटोपला.' सोपं होतं. मी सगळ्या वाक्याखाली निळी ओढली. सर म्हणाले, "धावफलकात १८३ आहे. हा 'केवळ' कुठून आणलास?" मग 'तब्बल ४३ धावांनी विजय' मधला 'तब्बल' लाल झाला, 'चक्क' झाला, 'अखेर'वर तर बराच वेळ गेला. तेव्हापासून बातमी वाचताना ही चिमुकली अव्ययं मला खड्यासारखी लागतात.

एकाने भारताच्या १९३ धावा लिहिल्या होत्या. त्यालाही सरांनी निळीच रेघ दिली. आम्ही ओरडलो, "सर, ते चूक आहे!" "चूक आहे, पण तपासूनच कळलं ना? निळं म्हणजे खरं नव्हे रे." हे मला पचायला पुढची दोन वर्षं लागली.

'मोहिंदर अमरनाथ सामनावीर ठरला' यावर मात्र वर्ग फुटला. २६ धावा आणि १२ धावांत ३ बळी हे निळं. निवड झाली हेही निळं. पण ती योग्य होती का? दोन्ही संघांत सर्वाधिक धावा श्रीकांतच्या, ३८. मी श्रीकांतच्या बाजूने भांडलो. अजूनही भांडेन. घंटा झाली, वाद तसाच राहिला.

पुढे मी तलाठी झालो. पंचनामे लिहिताना ती पेन्सिल हातात नसली तरी डोक्यात असायची. 'घराचे अतोनात नुकसान' असं लिहायचं नाही. 'मागची भिंत पडलेली, १४ पत्रे उडालेले' असं लिहायचं. एका वादळानंतर एक आजी ओट्यावर बसून होत्या. "भाऊसाहेब, सगळं गेलं हो." मी विचारत गेलो, काय काय गेलं? त्या सांगत गेल्या. दोन शेळ्या, ज्वारीची तीन पोती, पत्रे, चूल. मी लिहीत गेलो. मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "आणि लिंबाचं झाड. आमच्या ह्यांनी लावलेलं."

झाड पडलं होतं, मोजता येत होतं. ते मी लिहिलं. 'ह्यांनी लावलेलं' हे कोणत्या रकान्यात घालावं, ते काही सुचेना. शेवटी कंसात लिहिलं. तालुक्याच्या कार्यालयातून तो कागद परत आला, कंसावर लाल रेघ मारून.