दोन लेसरांच्या फरकातून मायक्रोवेव्ह

१५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेसरची वारंवारता सुमारे १९३ टेराहर्ट्झ असते. त्याच्या जोडीला तरंगलांबीत जेमतेम ०.०८ नॅनोमीटरचा फरक असलेला दुसरा लेसर घेऊन दोघांचा प्रकाश एकाच फोटोडायोडवर पाडला, तर १० गिगाहर्ट्झचा, म्हणजे मायक्रोवेव्हच्या पट्ट्यातला, विद्युत संकेत मिळतो, कारण फोटोडायोड (प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारा घटक) प्रकाशाच्या तीव्रतेला प्रतिसाद देतो आणि ती तीव्रता दोन वारंवारतांच्या फरकाने कमीजास्त होत राहते. जवळजवळ जुळलेल्या दोन तानपुऱ्यांच्या तारांतून जी डोल ऐकू येते, तिचेच हे प्रकाशातले रूप आहे.

फरक निर्माण करणे सोपे असते; कस लागतो तो टिकवताना. डीएफबी लेसरचे (एकाच वारंवारतेचा प्रकाश देणाऱ्या अर्धवाहक लेसरचे) तापमान एका अंशाने बदलले तरी त्याची वारंवारता १० गिगाहर्ट्झच्या घरात सरकते. तापमान काटेकोर सांभाळले तरी उत्स्फूर्त उत्सर्जनामुळे, म्हणजे लेसरमध्ये आपोआप, यादृच्छिकपणे बाहेर पडणाऱ्या प्रकाशामुळे, प्रकाशाची फेज (लहरीच्या चक्रातली स्थिती) भरकटत राहते. शिवाय अर्धवाहकात विद्युतभार वाहणाऱ्या वाहकांची संख्या बदलली की अपवर्तनांकही बदलतो आणि लेसरची रेषा (त्याच्या वारंवारतेचा पसारा) त्यामुळे कितीतरी पट रुंद होते, हे चार्ल्स हेन्री यांनी १९८२ मध्ये दाखवून दिले. मोकळ्या सोडलेल्या दोन लेसरांचा संकेत स्पेक्ट्रम ॲनालायझरवर (संकेतातल्या वारंवारता पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणावर) पाहिला, तर काही मेगाहर्ट्झ पसरलेला उंचवटा पडद्यावर इकडून तिकडे हिंडताना दिसतो. लॉक लागताच, म्हणजे दोघांतला फरक एका स्थिर संदर्भाला बांधला जाताच, तोच आकसतो आणि एक अरुंद शिखर जागच्या जागी उभे राहते. हे दृश्य कितीही वेळा पाहिले तरी माझे मन भरत नाही.

हा लॉक लावण्यासाठी मिळालेल्या संकेताची फेज संदर्भ ऑसिलेटरशी (स्थिर वारंवारतेचा संकेत देणाऱ्या उपकरणाशी) ताडून पाहतात आणि जी चूक निघेल तिच्यानुसार एका लेसरचा विद्युतप्रवाह बदलतात; दुरुस्तीच्या या चक्राला लूप म्हणतात. लेसरची रेषा जितकी रुंद, तितकी ही दुरुस्ती चपळ हवी, आणि इथे सर्वांत जास्त नडतो तो विलंब. फायबरमध्ये २० सेंटिमीटर जायला प्रकाशाला साधारण एक नॅनोसेकंद लागतो, त्यामुळे लूपमधले मीटरभर जादा फायबरसुद्धा परवडत नाही. संपूर्ण लूप एकाच चिपवर उतरवण्याचे प्रयत्न मला म्हणूनच सर्वांत महत्त्वाचे वाटतात.

गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये हा लूपच टाळला. त्यांनी एका लेसरचा प्रवाह मॉड्युलेट करून, म्हणजे ठरावीक वारंवारतेने कमीजास्त करून, त्याच्या प्रकाशात उपपट्टे (मूळ वारंवारतेच्या दोन्ही बाजूंच्या नव्या वारंवारता) निर्माण केले आणि तो प्रकाश आणखी दोन लेसरांत सोडून त्यांना वेगवेगळ्या उपपट्ट्यांवर लॉक केले; याला इंजेक्शन लॉकिंग म्हणतात. मात्र यात लॉक टिकण्याची मर्यादा अरुंद असते आणि तापमानाची शिस्त आणखी कडक लागते.

लॉकमुळे संकेत संदर्भापेक्षा शुद्ध होत नाही. खरा लाभ वहनात आहे. १० गिगाहर्ट्झला बारीक कोॲक्सियल केबल मीटरमागे एक डेसिबलच्या आसपास संकेत खाते, तर फायबरमध्ये किलोमीटरमागे ०.२ डेसिबलच घट होते. चिलीतल्या आल्मा या अनेक अँटेनांच्या रेडिओ दुर्बिणीत संदर्भ संकेत दोन लेसर तरंगांच्या रूपात एकाच फायबरमधून प्रत्येक अँटेनापर्यंत जातो, आणि फायबरची लांबी बदलल्याने त्याची फेज सरकू नये म्हणून ती लांबी सतत मोजून दुरुस्त केली जाते.