ट्रेल सायकलिंगचे व्हिडिओ: सहाव्या व्हिडिओत उतार एकदाचा उतारासारखा दिसला

मागच्या वेळी तिसऱ्या व्हिडिओपर्यंतचं लिहिलं होतं, आता सहावा झालाय. आणि पहिल्यांदाच असं वाटतंय की ट्रेलवर, म्हणजे कच्च्या वाटेवर, जे अंगावर येतं त्यातलं निम्मं तरी स्क्रीनवर आलंय. म्हणून यावेळी जरा सविस्तर लिहितो, ज्यांनी नुकताच सायकलवर कॅमेरा लावलाय त्यांना उपयोग होईल.

आधी उताराचं, कारण या एका गोष्टीने मला पहिल्या दिवसापासून छळलंय. एक उतार असा आहे की तिथे मी अंग पार सीटच्या मागे टाकतो, दोन्ही ब्रेकवर एकेक बोट आणि तरी पोटात गोळा येतो. तो हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यातून शूट करून आईला दाखवला तर ती म्हणाली, "उतार कुठाय रे यात, सपाटच तर आहे." बरोबर होतं तिचं. खरंच सपाट दिसत होता. मग नीट विचार केल्यावर कळलं की लेन्स वाइड असते त्यामुळे पुढचं सगळं लांब आणि बारीक दिसतं, दगड आणि खड्डे चेपल्यासारखे होतात, आणि वर कॅमेरा डोक्यावर म्हणजे उतारावर आपण जसं खाली बघतो तसा तोही खाली झुकतो, क्षितिज फ्रेममधून गायब, मग बघणाऱ्याने तिरकेपणा मोजायचा कशावरून?

पहिला बदल केला तो चेस्ट माउंट. छातीवरून हँडलबार दिसतो, हात दिसतात, कोपरं कशी वाकतायत ते दिसतं, आणि माझ्या मते रस्ता किती खडबडीत आहे हे रस्त्यापेक्षा हातांवरून जास्त कळतं. शिवाय कॅमेरा जमिनीच्या जवळ आला की जमीन जोरात मागे पळते, त्याच स्पीडला वेग जास्त वाटतो. फक्त अँगल उभं राहून सेट करू नका. सायकलवर वाकल्यावर कॅमेरा थेट पुढच्या चाकाकडे बघायला लागतो, माझी एक अख्खी राइड अशी टायर बघण्यात गेली. राइडच्या पोझिशनमध्ये बसायचं, कोणालातरी स्क्रीन बघायला सांगायचं आणि कॅमेरा वाटतो त्यापेक्षा बराच वर करायचा.

पण खरा फरक पडला तो सायकलवरून उतरल्यावर! कॅमेरा छोट्या ट्रायपॉडवर, ट्रेलच्या बाजूला, बरोबर लेव्हलमध्ये, आणि फ्रेममध्ये एखादं सरळ उभं झाड. झाडाचा बुंधा उभा आणि त्याला कापत जाणारी वाट तिरकी, बास, डोळ्याला लगेच कोन कळतो. हाच उतार बाजूने घेतलेला आईने बघितला आणि मला व्हिडिओ थांबवायला लावला, इथून जातोस तू? याची किंमत म्हणजे कॅमेरा लावा, सायकल ढकलत वर न्या, उतरून या, क्लिप बघा, परत वर. जेमतेम चाळीस मीटरच्या तुकड्याला तासभर गेला. तरी मी म्हणेन की एका राइडमध्ये असे दोन तुकडे निवडाच, तेवढ्याने बाकीच्या छातीवरच्या शॉटनाही वजन येतं, कारण बघणाऱ्याला आता माहीत असतं की हा माणूस कशावरून उतरतोय.

बाजूने शूट करताना एक गोष्ट सांभाळा. मी एक शॉट ट्रेलच्या डाव्या बाजूने घेतला, पुढचा उजव्या बाजूने, आणि एडिटमध्ये शेजारी लावले तर मी आधी पुढे जातोय आणि मग परत येतोय असं दिसायला लागलं. म्हणजे कॅमेरा वाटेच्या एकाच बाजूला ठेवायचा, आणि बाजू बदलायचीच असेल तर मध्ये कॅमेऱ्याकडे सरळ येणारा शॉट किंवा पेडलचा क्लोजअप टाकायचा. सिनेमावाल्यांचा हा फार जुना नियम आहे, पण मला तो स्वतःच्या टाइमलाइनवर चूक बघूनच समजला.

आता शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमसाठी कॅमेरा किती वेळ उजेड आत घेतो ते, यात मी दोन महिने उलटसुलट वाचत बसलो होतो. साधा हिशोब असा की ३० एफपीएसला (सेकंदाला ३० फ्रेम) शटर त्याच्या दुप्पट म्हणजे १/६० सेकंद ठेवला की हालचाल नैसर्गिक दिसते. उन्हात ऑटोवर तो सहज १/९६० च्या आसपास जातो, मग प्रत्येक फ्रेम कोरीव आणि हालचाल तुटक. एनडी १६ फिल्टर (लेन्सवर लावायची गडद काच) उजेड १६ पट कमी करतो, त्यामुळे १/९६० चा बरोबर १/६० होतो. ट्रायपॉडवर हे सुंदर चालतं. पण छातीवर नाही! कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन फ्रेम सरकवून हादरा लपवतं, फ्रेमच्या आत आधीच आलेला ब्लर ते काढू शकत नाही, त्यामुळे चित्र स्थिर पण मध्येच थरथरून फिसकटल्यासारखं दिसतं. दाट झाडीत शिरलं की बिना फिल्टरचंही असंच होतं कारण अंधारात शटर आपोआप स्लो होतो. म्हणून आता छातीवर एनडी लावत नाही, शटर १/२४० पेक्षा स्लो होऊ देत नाही, थोडा नॉइज (चित्रातले दाणे) आला तरी चालेल.

स्लो मोशनबद्दल एवढंच की १२० एफपीएसचं फुटेज ३० च्या टाइमलाइनवर चारपट स्लो होतं. मी ते आता फक्त उडीला वापरतो.

फुटेज किती घ्यायचं यात माझी सवय पूर्ण बदलली. आधी सुरुवातीला बटण दाबायचं आणि घरी आल्यावर बंद. १०० एमबीपीएसला (सेकंदाला १०० मेगाबिट) तासाला ४५ जीबी, दोन तासांची राइड म्हणजे ९० जीबी आणि ते सगळं बसून बघायचं, तिथेच उत्साह मरायचा. या वेळी ३८ क्लिप, एकूण २२ मिनिटं, साधारण साडेसोळा जीबी, आणि त्यातून चार मिनिटं दहा सेकंदांचा व्हिडिओ. एडिट दाविंची रिझॉल्व्हच्या फ्री व्हर्जनवर करतो, लॅपटॉप जुना आहे त्यामुळे ४के अडकत होतं, प्रॉक्सी (एडिटपुरत्या हलक्या कॉपी) बनवल्यापासून लोण्यासारखं चालतंय आणि एक्स्पोर्ट मूळ फाइलमधूनच होतं. फोनच्या क्लिपमध्ये आवाज हळूहळू मागे पडत असेल तर फोनचा फ्रेम रेट कमीजास्त होत असतो हे कारण असू शकतं, हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून आधी फ्रेम रेट कॉन्स्टंट, म्हणजे सगळीकडे एकसारखा, करून घ्या, माझं तरी तेवढ्याने सुटलं.

आवाजावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि मला सगळ्यात जास्त आनंदही त्यातच मिळाला. राइडवरचा आवाज म्हणजे नुसता वारा. माइकला फोम आणि वर केसाळ कव्हर लावलं, एडिटमध्ये १०० हर्ट्झच्या खालचं कापलं, बराच फरक पडला पण टायरचा आवाज काही मिळेना. मग एक दिवस वारा नसताना फक्त आवाज गोळा करायला गेलो. फ्रीहबची (मागच्या चाकातला भाग) टिकटिक, सुकी पानं, खडीवर ब्रेक मारल्याचा आवाज, सगळं माइक अगदी जवळ धरून. आता कटच्या अर्धा सेकंद आधी पुढच्या शॉटचा आवाज सुरू करतो, आधी खडी ऐकू येते आणि मग दिसते, आणि कट कुठे झाला ते जाणवतच नाही. पहिल्या मिनिटातलं म्युझिक काढून टाकलं. गरजच राहिली नाही.

अडलंय ते रंगात. फोन आणि ॲक्शन कॅमेरा एकाच जागेवर, एकाच मिनिटात शूट केलेले, तरी एकात झाडं पिवळट आणि दुसऱ्यात निळसर. सावलीतून उन्हात आलं की ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग आपोआप जुळवणारं सेटिंग) शॉटच्या मध्येच बदलतो तो वेगळाच त्रास. पुढच्या रविवारी दोन्ही कॅमेऱ्यांचा व्हाइट बॅलन्स ५५०० केल्व्हिनवर लॉक करून जाणार आहे आणि प्रत्येक जागी आधी दोन सेकंद ग्रे कार्ड (रंग जुळवायला वापरतात ते करडं कार्ड) शूट करणार आहे. कोणी दोन वेगळे कॅमेरे असे जुळवले असतील तर आधी एक्स्पोजर जुळवता की रंग, तेवढं सांगा.