एडिटिंगचा मॉनिटर रेक ७०९ वर आणताना: लातूरच्या खोलीतल्या कामाची नोंद

सामान असं. विंडोजवरचा कॉम्प्युटर, डाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर, साध्या एसआरजीबी गॅमटचा (गॅमट म्हणजे दाखवता येणाऱ्या रंगांचा आवाका) २७ इंची आयपीएस पॅनलचा मॉनिटर आणि शेजारी पी३ या मोठ्या गॅमटच्या जवळ जाणारा वाइड गॅमट मॉनिटर. मोजायला आयवन डिस्प्ले प्रो हा कलरीमीटर. सॉफ्टवेअर डिस्प्लेकॅल, मोजणीचं खरं काम त्याच्या आतला आर्गिल करतो. खोलीत मुख्यतः लग्नं, कीर्तनं आणि शेतीचे व्हिडिओ एडिट होतात.

लक्ष्य एकच: रेक ७०९, म्हणजे एचडी व्हिडिओचं रंगांचं मानक. पांढरा डी६५ वर, म्हणजे एक्स ०.३१२७ आणि वाय ०.३२९०. सर्वांत उजळ पांढरा १०० निट्स (निट हे पडद्याच्या उजेडाचं एकक), गॅमा, म्हणजे सिग्नलवरून उजेड ठरवणारा वक्र, २.४. पहिल्या मॉनिटरचं काम पूर्ण झालंय, दुसऱ्याचं अर्धं. मीटर लावण्याआधी ज्या गोष्टी कराव्या लागल्या त्यांना या नोंदीत जास्त जागा दिली आहे. चुकीचे रंग बहुतेक वेळा तिथूनच येतात.

खोली

मॉनिटरच्या समोर येणारी भिंत गडद पोपटी होती. पडद्यावर तिचं प्रतिबिंब पडतं आणि डोळाही तिच्याशी जुळवून घेतो, त्यामुळे त्वचेचे रंग उगीच लालसर वाटायला लागतात. ती भिंत आता फिकट राखाडी केली आहे, चकाकी नसलेल्या रंगात. चारही भिंती रंगवायची गरज नाही. पडद्यामागची आणि पडद्यात दिसणारी, एवढ्या दोन पुरतात.

मॉनिटरच्या मागे ६५०० केल्व्हिनची, ९५ च्या वर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा) असलेली एलईडी पट्टी आहे. तिचा उजेड भिंतीवरून परत येतो तो पडद्याच्या पांढऱ्याच्या साधारण दहा टक्के, म्हणजे १० निट्सच्या आसपास ठेवला आहे. बाजारातल्या नेहमीच्या एलईडी ट्यूबवरही ६५०० लिहिलेलं असतं, पण तिचा सीआरआय ८० च्या घरात असतो आणि काहींना हिरवट झाक असते. ती फक्त झाडझूड करताना लावावी. खिडकीला जाड पडदा हवाच. मराठवाड्यातलं दुपारचं ऊन फटीतून आलं तरी मॉनिटरवरचा काळा धुऊन टाकतं.

तापमानाबद्दल फार कमी बोललं जातं, आणि आपल्याकडे ते टाळून चालत नाही. एलईडी बॅकलाइट (पॅनलच्या मागचा दिवा) तापला की त्याचा उजेड उतरतो आणि पांढऱ्याचा कलही थोडा सरकतो. म्हणून मोजणीच्या आधी मॉनिटर किमान अर्धा तास चालू ठेवतात. पण मे महिन्यात कूलर बंद असलेली खोली आणि डिसेंबरातली सकाळची खोली यांत वीसेक अंशांचा फरक पडतो. अर्ध्या तासाने पॅनल दोन्हीकडे स्थिर होतं, पण वेगवेगळ्या जागी. तेव्हा ज्या अवस्थेत काम करायचं त्याच अवस्थेत मोजायचं: कूलर किंवा एसी चालू आणि खोली रोजच्या तापमानावर. कूलरची हवा दमट असते, त्यामुळे मीटर टेबलावर उघडा ठेवू नये. सिलिका जेलची पुडी टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात तो बरा राहतो.

व्होल्टेज कमी-जास्त झालं तर पडदा मंद होईल, ही भीती मात्र अनाठायी आहे. मॉनिटरचा पॉवर सप्लाय साधारण १०० ते २४० व्होल्टवर चालतो आणि बॅकलाइटला सारखाच करंट देतो. अडचण होते ती वीज पूर्ण गेल्यावर. मोजणी मध्येच तुटते, आणि परत आल्यावर पॅनल थंड पडलेलं असल्यामुळे गरम होण्याची वाट पुन्हा पाहावी लागते. कॉम्प्युटर आणि मॉनिटर दोन्ही यूपीएसवर हवेत.

सिग्नलची वाट

रिझॉल्व्हमधून निघालेला आकडा पॅनलपर्यंत न बदलता पोचतो का, हे आधी पाहायचं. वाटेत तो बदलत असेल तर कॅलिब्रेशन त्या गडबडीवरच रचलं जातं.

सर्वांत जास्त सापडणारा घोटाळा फुल आणि लिमिटेड रेंजचा. एचडीएमआयने जोडलेल्या मॉनिटरला ग्राफिक्स कार्ड कधीकधी टीव्ही समजतं आणि ० ते २५५ या फुलऐवजी १६ ते २३५ असा लिमिटेड सिग्नल पाठवतं. मॉनिटर फुलची अपेक्षा करत असेल तर काळा दुधाळ आणि पांढरा मळकट दिसतो. उलट झालं तर सावल्यांतला सगळा तपशील काळ्यात बुडतो आणि शालूवरची जर एकसंध पांढरी होते. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये ‘आउटपुट डायनॅमिक रेंज’ फुल करायचं आणि मॉनिटरच्या मेनूतही तेच ठेवायचं. डिस्प्लेपोर्टची केबल वापरली तर हा प्रश्न बहुधा येतच नाही, म्हणून जमेल तिथे तीच घ्यावी.

मग बंद करायच्या गोष्टी. विंडोजचा नाइट लाइट, एचडीआर आणि आपोआप उजेड बदलणारं सेटिंग. मॉनिटरमधला डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको मोड, लोकल डिमिंग, उजेडाचा सेन्सर आणि शार्पनेस वाढवणारी सोय. यातलं एक जरी चालू राहिलं तर मीटर एका क्षणी एक आकडा देतो आणि दुसऱ्या क्षणी दुसरा.

तिसरी गोष्ट नव्याने येणाऱ्यांना सहसा सांगितली जात नाही. विंडोजवर रिझॉल्व्हचा व्ह्यूअर मॉनिटरचं आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्याचे रंग कसे आहेत हे सांगणारी फाइल, वाचत नाही. प्रोफाइल बनवून विंडोजमध्ये लावलं तर फोटोच्या सॉफ्टवेअरला उपयोग होतो, प्रीमियरमध्ये ‘डिस्प्ले कलर मॅनेजमेंट’ चालू केलं तर त्यालाही होतो. रिझॉल्व्हमध्ये मात्र त्यातला ग्राफिक्स कार्डात भरला जाणारा वक्र तेवढा लागू होतो, गॅमट जिथल्या तिथे राहतो. मॅकवर त्यासाठी वेगळा पर्याय आहे, विंडोजवर नाही. म्हणून इथे आयसीसीवर न थांबता थ्रीडी लट (एलयूटी), म्हणजे आत आलेल्या रंगाऐवजी कुठला रंग बाहेर पाठवायचा याचा तक्ता, बनवायची.

व्हिडिओ बाहेर देणारं डेकलिंक मिनी मॉनिटर ४के असलं कार्ड किंवा बाहेरून जोडायचं अल्ट्रास्टुडिओ मॉनिटर ३जी असलं उपकरण असेल तर विंडोज आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही वाटेतून बाजूला होतात. हा सर्वांत स्वच्छ मार्ग. पण घेण्याआधी एक तपासा: आपलं बरंच काम २५ फ्रेमचं असतं, आणि कॉम्प्युटरचे पुष्कळ मॉनिटर एचडीएमआयवर १०८०पी २५ स्वीकारत नाहीत. कार्ड लावल्यावर पडदा काळाच राहिला तर पहिला संशय याच्यावर घ्यावा.

मॉनिटरची बटणं

पिक्चर मोड ‘यूझर’ किंवा ‘कस्टम’. मॉनिटरमधला एसआरजीबी मोड बऱ्याचदा ब्राइटनेस आणि आरजीबी गेन (लाल, हिरवा, निळा यांची पातळी) कुलूपबंद करतो, त्यामुळे तो इथे कामाचा नाही. कॉन्ट्रास्ट कारखान्याच्या आकड्यावरच ठेवला. तो वाढवला की वरच्या पायऱ्या एकात एक मिसळतात. ब्राइटनेसने पांढरा १०० निट्सवर आणला.

गेन फक्त कमी करायचे, आणि तिघांपैकी एक तरी १०० वर ठेवायचा. बहुतेक पॅनल मुळात निळसर असतात, त्यामुळे निळा सर्वांत जास्त उतरतो. या पॅनलवर लाल १००, हिरवा ९५ आणि निळा ८८ वर पांढरा जागेवर बसला. हे आकडे उचलून स्वतःच्या मॉनिटरवर टाकू नयेत. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या नगालाही ते लागू पडत नाहीत. गेन उतरले की उजेडही उतरतो, म्हणून ब्राइटनेस पुन्हा वाढवून दोन्ही एकमेकांशी जुळवत जावं लागतं.

जेवढी दुरुस्ती बटणांवर होईल तेवढी तिथेच करावी. राहिलेली दुरुस्ती सॉफ्टवेअर करतं. ८ बिट सिग्नलमध्ये त्याने २५६ पायऱ्यांतल्या काही खर्ची पडतात आणि संध्याकाळच्या आभाळात पट्टे दिसायला लागतात.

मीटर लावताना पडदा किंचित मागे झुकवला, म्हणजे मीटर आपल्या वजनाने सपाट टेकतो. खाली फट राहिली तर काळ्याचा आकडा फुगतो. मोजणी चालू असताना मागची पट्टीसुद्धा बंद.

कलरीमीटरला पॅनलचा प्रकार सांगणं गरजेचं आहे. त्याचे फिल्टर डोळ्यासारखे तंतोतंत नसतात, म्हणून बॅकलाइटचा स्पेक्ट्रम, म्हणजे त्याच्या उजेडात कुठल्या तरंगलांबी किती आहेत, हे माहीत असावं लागतं. साध्या एसआरजीबी पॅनलला ‘व्हाइट एलईडी’ची दुरुस्ती चालते. पी३ च्या जवळ जाणाऱ्या पॅनलमध्ये बहुधा पीएफएस फॉस्फर (बॅकलाइटमधला लाल उजेड देणारा पदार्थ) असतो, ज्याचा लाल ६३० नॅनोमीटरच्या आसपास अरुंद सुळक्यांत येतो. तिथे व्हाइट एलईडीची दुरुस्ती लावली तर मीटर निर्धास्तपणे चुकीचा पांढरा दाखवतो आणि अहवालात सगळं हिरवंगार दिसतं.

काळ्याजवळचा भाग

‘गॅमा २.४’ म्हटलं तरी काळ्याजवळ दोन वेगळी चित्रं निघतात. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट साधारण १०००:१ असतो, म्हणजे पांढरा १०० निट्स असताना काळा ०.१ निट. बीटी १८८६ या व्हिडिओ मॉनिटरच्या मानकातलं सूत्र हा वर आलेला काळा हिशेबात घेतं आणि खालच्या पायऱ्या उचलतं. १० टक्के सिग्नलला बीटी १८८६ प्रमाणे १.०६ निट्स मिळतात. नुसता २.४ चा वक्र त्या काळ्यावर चढवला तर सुमारे ०.५ निट. म्हणजे दुपटीचा फरक. मध्यावर, ५० टक्क्यांना, तोच फरक २१.६ आणि १९ निट्स एवढाच उरतो.

वरातीची रात्र, कंदुरीच्या चुली, मंदिराचा गाभारा हे सगळं नेमकं या खालच्या भागात असतं. आयपीएसवर बीटी १८८६ ठेवलं की सावल्या उघड्या दिसतात, एडिटर त्या दाबतो, आणि तोच व्हिडिओ ओएलईडी फोनवर पाहिला की नवरदेवाचा घोडा अंधारात गायब होतो. ओएलईडीचा काळा शून्याजवळ असल्यामुळे तिथे बीटी १८८६ आणि नुसता २.४ एकच होतात. म्हणून आयपीएसवर नुसता २.४ ठेवावा, या मताशी आम्ही ठाम आहोत. डिस्प्लेकॅलमध्ये ‘ब्लॅक आउटपुट ऑफसेट’ १०० टक्के केलं की तो मिळतो, ० टक्के केलं की बीटी १८८६. व्हीए या दुसऱ्या जातीच्या पॅनलचा कॉन्ट्रास्ट ३०००:१ च्या आसपास असतो, तिथे हा वाद बराच मवाळ होतो.

फक्त यूट्यूबसाठी, उजेडाच्या खोलीत काम करणाऱ्यांनी २.२ घेतला तरी चालेल. मात्र एका प्रोजेक्टमध्ये एकच.

लट

डिस्प्लेकॅलमध्ये डिस्प्ले म्हणून ‘रिझॉल्व्ह’ निवडायचा. मोजणी सुरू केली की डिस्प्लेकॅल रिझॉल्व्हच्या जोडणीची वाट पाहतं. रिझॉल्व्हच्या वर्कस्पेस मेनूत ‘मॉनिटर कॅलिब्रेशन’ उघडून ‘कॅलमॅन’ हा पर्याय निवडायचा, पोर्ट २०००२, आणि त्याच कॉम्प्युटरवर असेल तर पत्ता १२७.०.०.१. आता रंगपट्ट्या रिझॉल्व्हच्या स्वतःच्या वाटेने पडद्यावर येतात, जी वाट नंतर व्हिडिओही वापरणार असतो. मोजताना प्रोजेक्टमध्ये कुठलीही लट लावलेली नसावी. जुनी लट चालू राहिली तर दुरुस्तीवर दुरुस्ती बसते.

लटसाठी हजारभर पट्ट्या मोजल्या. गडद पट्ट्यांना मीटर जास्त वेळ घेतो, त्यामुळे घाई असेल तेव्हा हे काम काढू नये. मग थ्रीडी लट: मूळ रंगावकाश रेक ७०९, वर ठरवलेला गॅमा, .क्यूब फाइल, आकार ६५. जुन्या ग्राफिक्स कार्डावर ३३ पुरतो. फाइल लटच्या फोल्डरमध्ये टाकून ‘अपडेट लिस्ट्स’ दाबलं की ती यादीत येते. प्रोजेक्ट सेटिंग्जमधल्या कलर मॅनेजमेंटमध्ये, कार्डातून बाहेर जाणाऱ्या चित्राला ‘व्हिडिओ मॉनिटर लुकअप टेबल’ आणि कॉम्प्युटरच्याच पडद्यावरच्या व्ह्यूअरला ‘कलर व्ह्यूअर लुकअप टेबल’. या जागा सोडून ती टाइमलाइनवर किंवा नोडवर लावली तर रेंडरमध्ये भाजली जाते, आणि पाहणाऱ्याला आपल्या पॅनलची दुरुस्ती दिसते.

पडताळणी

लट चालू ठेवून, त्याच वाटेने, नव्या पट्ट्या मोजल्या. राखाडी पायऱ्यांचा सरासरी डेल्टा ई २००० (हव्या आणि मोजलेल्या रंगातल्या फरकाचं माप) हा ०.६ आला, सर्वांत वाईट १.९, तो ५ टक्के राखाडीवर. १ च्या खालचा फरक डोळ्याला जवळजवळ कळत नाही, आणि ३ च्या वर गेलेला एखादा रंग असेल तर कारण शोधावं. खालच्या राखाडीवर थोडं वाईट येणं स्वाभाविक आहे, तिथे मीटरचा स्वतःचा गोंगाटही मिसळतो.

आकड्यांनंतर डोळ्याची तपासणी. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची सलग पट्टी लावली: कुठे गुलाबी-हिरवी झाक नाही, पट्टे नाहीत. मग उन्हात घेतलेला एक क्लिप, ज्यात राखाडी कार्ड, पैठणीचा राणी रंगाचा पदर, हळद आणि कुंकू एकत्र आहेत. कुंकवात लाल चॅनेल सगळ्यात आधी टोकाला जातो, आणि मांडवातल्या निळ्या एलईडी दिव्यांचा रंग तर रेक ७०९ च्या बाहेरच असतो. हे भाग सपाट दिसले तर मॉनिटरला दोष देण्याआधी स्कोप (सिग्नलचा आलेख) पाहावा.

राहिलेलं

वाइड गॅमट मॉनिटरवर लट नसताना हळदीचे चेहरे इतके रसरशीत दिसतात की हात आपोआप सॅच्युरेशन खाली खेचतो, आणि टीव्हीवर तेच चेहरे फिके पडतात. त्याच्या बटणांची जुळणी झाली आहे, पीएफएसची दुरुस्ती लावून मोजणी बाकी आहे. दोन्ही पडद्यांचा पांढरा मीटरवर सारखा येऊनही डोळ्याला वेगळा दिसतोय, कारण दोन्हींचे स्पेक्ट्रम वेगळे आहेत. इथे पहिला मॉनिटर प्रमाण मानून दुसऱ्याचा पांढरा डोळ्याने जुळवायचा आणि जो एक्स-वाय येईल तोच त्याचं लक्ष्य म्हणून डिस्प्लेकॅलला द्यायचा, असं ठरलं आहे. पहिल्याची फेरमोजणी कूलर सुरू झाल्यावर.