चित्रासमोर थांबलेला माणूस

सोमवार, रात्री उशिरा

आमच्या प्रदर्शनाची ४१ चित्रं भिंतीवर चढली, ७ उरली आहेत. बोटांवर तारेचे ओरखडे आहेत आणि मान अवघडली आहे. तरी झोपायच्या आधी हे लिहून ठेवतेय, म्हणजे पुढच्या वर्षी मापं पुन्हा शोधत बसायला नको.

चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर, हे आमचं ठरलेलं माप. उभ्या माणसाची नजर साधारण तिथेच जाते, म्हणून पुष्कळ संग्रहालयंही ५७ ते ६० इंचांच्या दरम्यान मध्य धरतात. हुक कुठे मारायचा हे मात्र दर चित्रागणिक बदलतं. फ्रेम २४ इंच उंच असेल तर तिची निम्मी उंची १२. मागची तार मधोमध बोटाने वर ताणली की ती वरच्या कडेपासून ३ इंचांवर येते. मग ५७ अधिक १२ उणे ३, म्हणजे हुक ६६ इंचांवर. तार ताणूनच मोजायची. सैल तारेवरून माप घेतलं की चित्र लटकवल्यावर खाली उतरतं. सकाळी पहिल्या चार चित्रांना माझ्याकडून हेच झालं आणि चारही पुन्हा काढावी लागली.

मापं जमतात हो, शेजार जमवणं अवघड. कुठलं चित्र कुणाजवळ लावायचं याचा विचार करताना मला दरवर्षी टर्नर आणि कॉन्स्टेबल हे दोन इंग्रज चित्रकार आठवतात. १८३२ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात दोघांची चित्रं शेजारी शेजारी लागली होती. कॉन्स्टेबलचं चित्र लाल-सोनेरी रंगांनी गजबजलेलं, त्यावर त्याने दहा वर्षांहून जास्त काळ खपून काम केलेलं. टर्नरचा समुद्र करडा. प्रदर्शन उघडण्याआधी चित्रकारांना भिंतीवरच्या चित्रावर शेवटचा हात फिरवायला काही दिवस मिळत. त्या दिवसांत टर्नर आला, आपल्या करड्या पाण्यावर तांबड्या रंगाचा एक लहानसा ठिपका ठेवला आणि काही न बोलता निघून गेला. तेवढ्याने शेजारचं सगळं लाल फिकं वाटायला लागलं. नंतर येऊन त्याने त्या ठिपक्याचा बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, केला.

आमच्या भिंतीवर असं भांडण लागू नये, ही काळजी लावणाऱ्यानेच घ्यायची. काकूंचं जलरंगातलं वॉशबेसिन वहीच्या पानाएवढं आहे. यादीत त्याची जागा एका चार फुटी लालभडक कॅनव्हासच्या बाजूला आली होती. तिथे ते कुणाला दिसलंच नसतं. संध्याकाळी मी ते काढून दाराजवळच्या अरुंद भिंतीवर एकटंच लावलं. लांब जाऊन बघितलं, परत जवळ आले, आणि मग कुठे जिवाला बरं वाटलं.

मंगळवार

आज उजेडाचा दिवस. दुपारी तीन वाजता खिडकीतून ऊन थेट डाव्या भिंतीवर येतं, हे काल कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्या भिंतीवर सगळे जलरंग. कागदावरच्या कामाला संग्रहालयात ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) आसपासच प्रकाश देतात, तैलरंगाला २०० पर्यंत चालतो. उन्हाने उडालेला रंग कशानेही परत येत नाही आणि थोडी थोडी झीज साठतच जाते. आठवड्याच्या प्रदर्शनाने काय बिघडणार, असं एकाने विचारलं. पण चित्र दुसऱ्याचं आहे, आपल्या भरवशावर दिलेलं आहे. आम्ही तीन पांढऱ्या चादरी शोधून खिडकीला लावल्या. त्यातून येणारा उजेड इतका मऊ निघाला की काचेवरची चमकही गेली.

उरलेला दिवस लेबलं. चित्राचं नाव, चित्रकाराचं नाव, साल, माध्यम, माप. मापात आधी उंची, मग रुंदी. दहावीतल्या एका मुलाने लिनोकट, म्हणजे लिनोलियमवर कोरून कागदावर घेतलेला ठसा, दिलाय आणि नावाच्या जागी लिहिलंय, ‘काहीही टाका’. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, ‘ताई, नाव सुचत नाही, तुम्हीच द्या.’ मी नाही म्हटलं. त्याला मोने या फ्रेंच चित्रकाराची गोष्ट सांगितली. १८७४ साली पॅरिसमध्ये काही चित्रकारांनी स्वतःच जमून, नादार या छायाचित्रकाराच्या रिकाम्या झालेल्या स्टुडिओत प्रदर्शन भरवलं. साधारण तीस जण होते, चित्रं लावण्याचं बरंचसं काम रेन्वारने अंगावर घेतलेलं. सूचीसाठी मोनेकडे बंदरातल्या सकाळच्या चित्राचं नाव मागितलं, तेव्हा याला त्या बंदराचं दृश्य कसं म्हणायचं असं वाटून तो म्हणाला, ‘इम्प्रेशन’ लिहा. एका टीकाकाराने तोच शब्द चिडवायला उचलला आणि पुढे त्या सगळ्यांची ओळखच त्यावरून ‘इम्प्रेशनिस्ट’ अशी पडली. पोराने ऐकून घेतलं. तासाभराने मेसेज आला: ‘लाइट गेल्यावर’. किती नेमकं! त्या काळ्या ठशात मधे जी एक पांढरी चीर आहे ती मेणबत्ती आहे, हे मला तोवर कळलं नव्हतं.

बुधवार

उद्घाटन झालं. गर्दी खूप, भाषणं चार. भाषणांच्या वेळी शंभरेक माणसं चित्रांकडे पाठ करून उभी होती आणि मला ते फार लागलं. पुढच्या वर्षी भाषणं बाहेर अंगणात ठेवायची असं मी समितीला सांगणार आहे, आणि ऐकलं नाही तर पुन्हा सांगणार आहे.

गुरुवार

दुपारी हॉलमध्ये मी एकटीच राखणीला. काकू कोपऱ्यातल्या खुर्चीवर मासिक उघडून बसल्या होत्या, पण पान उलटत नव्हतं. त्या रोज येतात. साठीनंतर त्यांनी ब्रश हातात घेतला आणि आज पहिल्यांदा त्यांचं चित्र परक्या भिंतीवर आहे. दाराशी पाऊल वाजलं की त्यांची नजर मासिकावरून उठते, आलेल्या माणसाच्या मागोमाग त्या अरुंद भिंतीपर्यंत जाते आणि परत येते.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या प्रेक्षकांचं एक निरीक्षण २००१ साली प्रसिद्ध झालं होतं. नावाजलेल्या चित्रांसमोर लोक सरासरी २७ सेकंद थांबत होते, आणि निम्म्या वेळा तर १७ सेकंदांहूनही कमी. आमच्याकडे घड्याळ लावलं तर आकडा याहून कमी येईल असं मला वाटतं. कारण लहान जागेत लोक आधी लेबल वाचतात. नाव ओळखीचं निघालं की चित्रकार कुठे दिसतोय का म्हणून मान वळते, ‘छान काढलंय हं’ असं लांबूनच सांगून होतं, आणि पावलं पुढे. उद्या पुन्हा भेटायचंय, परवा काही काम पडायचंय. मग मनातलं कोण बोलणार? अभिप्राय वहीची अकरा पानं भरली आहेत आणि त्यात ‘छान’, ‘अप्रतिम’, ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’. लिहिणाऱ्यांच्या मनात आपुलकीच आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण दोन महिने एका चित्रावर बसलेल्या माणसाने हे घेऊन घरी जायचं आणि त्याचं करायचं काय?

साडेतीनला हॉलच्या मोरीतला नळ दुरुस्त करायला प्लंबर आला. काम उरकून, खांद्याला पिशवी, हातात पाना, असा बाहेर निघाला आणि काकूंच्या चित्राशी थबकला. दोन पावलं मागे आला. मग वाकून इतका जवळ गेला की मी उठून उभी राहिले.

‘हा नळ गळतोय,’ तो म्हणाला.

मी विचारलं, ‘कशावरून?’

‘डाग बघा ना ताई. नळाच्या तोंडाखालून एकच बारीक ओघळ उतरलाय. धार सोडली की पाणी पसरतं, असा डाग धरत नाही. हा थेंबाथेंबाने धरलाय, कित्येक वर्षं. हिरवट आहे म्हणजे नळ जुना, पितळेचा. आणि कडेला पांढरं साठलंय ते क्षार. पाणी जड असणार तिथलं.’

काकू खुर्चीतून उठल्या. मासिक खाली पडलं ते त्यांनी उचललंही नाही.

‘ते पांढरं मी रंगवलेलं नाही हो,’ त्या म्हणाल्या. ‘तो नुसता कागद आहे. कोरा सोडलाय.’

त्याने मान कलती केली. चित्राच्या काचेपासून वीतभर अंतरावर त्याचं बोट त्या ओघळाच्या कडेने हळूहळू खाली उतरलं. मीही वाकून बघितलं. गेले चार दिवस मी हे चित्र उचललंय, लावलंय, सरळ केलंय, पुसलंय, आणि ती कडा मी बघितलेली नव्हती. केसाएवढी, मधे मधे तुटलेली, दोन हिरव्या छटांच्या मधून वाट काढत गेलेली कोऱ्या कागदाची रेघ. जलरंगात पांढरा असा मिळवायचा. जिथे उजेड हवा तिथे ब्रश न्यायचाच नाही. एकदा ओला रंग तिथे उतरला की कागद पहिल्यासारखा होत नाही.

‘म्हणजे आधीच ठरवून सोडावं लागतं?’

‘आधीच.’

‘आणि चुकलं तर?’

‘तर नवा कागद. हा सहावा आहे.’

‘आमच्यातही असंच, काकू. टाइल लावायच्या आधी पाइप कुठून जाणार ते ठरवायचं. नंतर आठवलं तर फोडाफोड.’ मग जरा थांबून, ‘नळ घरचाच का? येऊन वॉशर बदलून देतो.’

‘या की. पण डागाला हात लावायचा नाही. मला तो अजून एकदा काढायचाय, सकाळच्या उजेडात.’

तो गेला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. नऊ मिनिटं झाली होती. काकू चित्रासमोरच उभ्या राहिल्या. ‘तुला सांगू,’ त्या म्हणाल्या, ‘थेंब पडतोय हे मला काढायचं होतं. थेंब न काढता.’ एवढंच म्हणून त्यांनी मासिक उचललं आणि या वेळी खरंच वाचायला लागल्या.

मला आज एक गोष्ट पक्की कळली आहे. ‘मला चित्रातलं काही कळत नाही’ असं म्हणून जी माणसं दारातूनच परत फिरतात, त्यांना आत आणलं पाहिजे. त्यांना नळ कळतो, बैलाच्या मानेवरचा घट्टा कळतो, शिवणीतली चूक कळते. चित्र कसं झालंय ते सांगायचं दडपण घेऊ नका, तुम्हाला त्यात काय दिसलं तेवढं सांगा, असं उद्यापासून मी प्रत्येकाला म्हणणार आहे.

शुक्रवार

म्हटलं आणि त्याचा उपयोग झाला. लिनोकटखाली पेन्सिलीने ५/२० लिहिलंय, ते काय असं दिवसभरात सहा जणांनी विचारलं. वीस ठशांतला पाचवा, हे मी सहा वेळा आनंदाने सांगितलं. एक आजी म्हणाल्या, मेणबत्तीच्या वर धूर का नाही? पोरगा तिथेच होता. त्याचा चेहरा विचारात पडला आणि तो घरी पळाला.

रात्री समितीची बैठक. पुढच्या वर्षी आलेल्या चित्रांतून निवड करावी का, यावर दीड तास. काम उजवं-डावं असतं हे मला दिसतं. निवड करणाऱ्यांचंही बरंच चुकतं, हेही इतिहासात दिसतं. १८६३ साली पॅरिसच्या अधिकृत प्रदर्शनाने इतकी चित्रं नाकारली की ओरड झाली आणि फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याने नाकारलेल्यांचं वेगळं प्रदर्शन भरवायला लावलं. पुढे नावाजलेला फ्रेंच चित्रकार एदुआर माने त्यात होता. माझं मत मी मांडलं: प्रत्येकाचं एकच चित्र, कुठलं ते त्याने ठरवायचं, पण भिंतीवर मोकळी जागा भरपूर. ठरलं काहीच नाही.

रविवार, प्रदर्शन उतरवलं

उतरवायला लावण्याच्या निम्माही वेळ लागत नाही. अ‍ॅक्रिलिकची चित्रं एकमेकांवर तोंडाला तोंड ठेवायची नाहीत, चिकटतात. बबल रॅपचे फुगे बाहेरच्या बाजूला ठेवायचे, नाहीतर रंगावर गोल वळ उठतात. गेल्या वर्षी एकाच्या चित्रावर उठले होते आणि तो काही बोलला नव्हता, म्हणून मला ते जास्त आठवतं. भिंतीतली भोकं पुट्टीने बुजवली. पोराने नवा ठसा आणून दाखवला. धूर आलाय, एकच रेघ, वर जाऊन किंचित वळलेली.

काकूंचं चित्र शेवटी काढलं. वर्तमानपत्रात गुंडाळताना त्यांनी माझ्या हातातून घेतलं आणि स्वतःच गुंडाळलं. मी अभिप्राय वही बंद करत होते, तेव्हा शेवटच्या पानावर बॉलपेनने दाबून लिहिलेल्या दोन ओळी दिसल्या. नाव नव्हतं.

‘वॉशर बदलला. डाग तसाच ठेवलाय.’

मी वही काकूंपुढे धरली. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, आणि म्हणाल्या, ‘काल सकाळी आला होता. पण डाग आता वाळायला लागलाय. उद्या सकाळी बसायला हवं.’